कोकणातल्या प्रवासांच्या आठवणी : वाटायच्या कशा आणि या दमट हवेत टिकवायच्या कशा?

किनारवाट (धागाकर्ता)

नमस्कार. दिवाळीनंतर आमच्या मोठ्या गोतावळ्याने बाणकोटच्या खाडीपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्याकिनाऱ्याने प्रवास केला. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वीला उतरून केळशी, आंजर्ले आणि हर्णै पाहिले. दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या दोन्ही खाड्या गाडीसकट बोटीतून ओलांडल्या. मालगुंडला केशवसुतांचे स्मारक, रत्नागिरीला थिबा राजवाडा, पुढे आडिवरे, विजयदुर्ग, कुणकेश्वर आणि मालवण असा तो मार्ग होता. गावाकडचे काका-काकू, पुण्या-मुंबईची भावंडे, परदेशातून आलेला आतेभाऊ आणि सर्वांची मुले बरोबर असल्यामुळे प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये छायाचित्रे आहेत आणि एकाच जागेचे पूर्ण चित्र मात्र कोणाकडेच नाही. काही छायाचित्रे व्हॉट्सॲपच्या गटात आली, काही एकमेकांना सुटी सुटी पाठवली गेली, आणि उरलेली ज्याच्या त्याच्या फोनमध्येच आहेत.

यापेक्षा अवघड प्रश्न गावच्या घरातल्या पत्र्याच्या ट्रंकेचा आहे. त्या ट्रंकेत आधीच्या दोन पिढ्यांनी केलेल्या याच किनाऱ्यावरच्या प्रवासांचे अल्बम आहेत. थिबा राजवाड्यासमोर काढलेले एक कृष्णधवल सामूहिक छायाचित्र त्यांत आहे. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी रत्नागिरीत स्थानबद्ध ठेवले होते आणि १९१६ मध्ये त्याचा येथेच मृत्यू झाला, ही माहिती कोणत्याही पुस्तकात सापडेल. परंतु त्या छायाचित्रात डावीकडून तिसरी उभी असलेली नऊवारीतली बाई कोण, हे आमच्या घरात आता फक्त थोरल्या आत्यांना सांगता येते. माझे मत असे झाले आहे की छायाचित्र नष्ट होण्याआधी त्यातली माणसे अनोळखी होतात, आणि ही दुसरी हानी अधिक लवकर व अधिक गुपचूप होते. त्यामुळे आमच्यापुढचे काम चित्रे साठवण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, चित्रांशेजारचा मजकूर मिळवण्याचे आहे.

नवी छायाचित्रे सर्वांपर्यंत मूळ स्वरूपात कशी पोहोचवावीत, जुने अल्बम या हवेत कसे जपावेत, आणि वडीलधाऱ्यांकडून माहिती कशी नोंदवून घ्यावी, याविषयी ज्यांनी प्रत्यक्ष काम केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तरीवाला

आधी नव्या छायाचित्रांविषयी. व्हॉट्सॲपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेले छायाचित्र लहान केले जाते, आणि त्यासोबतची मूळ माहिती, म्हणजे ते कोणत्या क्षणी व कोणत्या ठिकाणी काढले याची फाइलमध्ये दडलेली नोंद, गळून पडते. तेच छायाचित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवले तर जसेच्या तसे जाते. त्यामुळे गट गप्पांसाठी ठेवावा आणि संग्रह वेगळ्या जागी करावा. तुमच्यासारख्या मोठ्या कुटुंबाला गूगल फोटोजसारख्या ठिकाणचा सामायिक अल्बम सोयीचा पडेल, कारण प्रत्येकाला आपापल्या फोनमधून त्यात भर घालता येते. मात्र दोन गोष्टी ध्यानात असू द्या. अल्बम ज्याने उघडला त्याने तो काढून टाकला, तर ज्यांनी त्यातली छायाचित्रे स्वतःच्या खात्यात उतरवून घेतलेली नाहीत त्यांच्यासाठी ती गेली. दुसरे असे की गूगल फोटोजमधली अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आहे आणि मोफत मिळणाऱ्या १५ जीबीमध्ये टपाल, फाइली व छायाचित्रे असे सगळेच मोजले जाते. चलचित्रे टाकू लागलात की ही जागा फार लवकर भरते.

सामायिक अल्बमला मी चावडी मानतो. दप्तर निराळे हवे. सर्वांची छायाचित्रे जमली की कोणा एकाने ती संगणकावर उतरवून घ्यावीत आणि त्यांच्या किमान तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक तरी दुसऱ्या गावी, अशा ठेवाव्यात. कोकणात या शेवटच्या अटीला विशेष अर्थ आहे. जून २०२० मधल्या निसर्ग वादळात रायगड आणि दापोली-मंडणगड भागातल्या घरांची छपरे उडाली, तेव्हा एकाच घरात ठेवलेल्या दोन हार्ड डिस्क एकदमच भिजू शकतात हे वेगळे सांगायला नको. पेनड्राइव्ह ही पोहोचवण्याची वस्तू आहे. वर्षानुवर्षे खणात पडून राहिलेल्या पेनड्राइव्हवर विसंबू नये.

आतेभावाच्या कॅमेऱ्याचे घड्याळ परदेशातल्या वेळेवर असेल, तर एकत्र केलेल्या छायाचित्रांत हर्णैचा सूर्यास्त सकाळच्या न्याहारीआधी लागेल. हा घोळ सोडवणे सोपे आहे. त्या कॅमेऱ्याने एखाद्या मोबाइलच्या घड्याळाचे छायाचित्र काढावे, दोन वेळांतला फरक पाहावा आणि त्या कॅमेऱ्याच्या सगळ्या छायाचित्रांची वेळ तेवढ्याने एकगठ्ठा पुढेमागे करावी. बहुतेक छायाचित्र-व्यवस्थापनाच्या प्रणालींत ही सोय असते. फाइलींची नावे वर्ष, महिना आणि गाव या क्रमाने द्यावीत, म्हणजे कोणत्याही संगणकावर ती आपोआप ओळीने लागतात.

आंबेमोहोर

तरीवाला यांच्याशी सहमत आहे. एक पुरवणी : खाते कोणाच्या नावावर आहे याचा विचार आजच करावा. गूगलच्या धोरणानुसार दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते त्यातल्या मजकुरासह काढून टाकले जाऊ शकते, आणि ज्येष्ठांची खाती अशीच निपचित पडतात. आपल्या पश्चात किंवा दीर्घ काळ वापर न झाल्यास मजकूर कोणाला मिळावा, हे त्याच खात्याच्या सेटिंगमध्ये आधी ठरवून ठेवता येते. ॲपलच्या खात्यातही वारस नेमण्याची तशी सोय आहे. सातबाऱ्यावरच्या नावांसाठी आपण जेवढे जागरूक असतो, त्याच्या चतुर्थांश जागरूकता येथे पुरेल.

वशिष्ठीकाठ

ट्रंकेतल्या अल्बमविषयी मी लिहितो, कारण चिपळूणला २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर नातेवाइकांच्या आणि शेजाऱ्यांच्या घरातली चिखलात बुडालेली छायाचित्रे सोडवण्याच्या कामात मी हातभार लावला होता. २६ जुलै २००५ चा पूर पाहिलेल्या काही घरांनी कागदपत्रे वरच्या मजल्यावर हलवलेली होती. अल्बम मात्र दिवाणखान्यातल्या कपाटाच्या सर्वांत खालच्या कप्प्यात होते, कारण ते जड असतात आणि पाहुण्यांना दाखवायला हाताशी लागतात.

भिजलेल्या छायाचित्रांच्या बाबतीत पहिली ओढ ती उन्हात वाळवण्याची होते, आणि तीच सर्वांत घातक आहे. छायाचित्राच्या पृष्ठभागावर जिलेटिनचा थर असतो. तो पाण्याने फुगतो, मऊ पडतो आणि वाळताना समोरच्या पानाला किंवा काचेला जो चिकटतो तो पुन्हा सुटत नाही. म्हणून ओले आहे तोवरच ते वेगळे करायचे असते. चिखल लागलेली छायाचित्रे स्वच्छ, गार पाण्याच्या घमेल्यात हलकेच हलवावीत, पाणी बदलत राहावे, आणि चित्राच्या बाजूला बोट, कापड किंवा ब्रश काहीही लावू नये. दोन छायाचित्रे चिकटलेली असतील तर ती पाण्यात राहू द्यावीत. पुष्कळदा ती आपोआप सुटतात. त्यानंतर टिपकागदावर चित्राची बाजू वर करून सावलीत, पंख्याचा थेट झोत न येईल अशा रीतीने ती वाळवावीत. एका दिवसात सगळी होणे शक्य नसेल तर मेणकागद मध्ये घालून त्यांचे गठ्ठे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावेत. गोठलेल्या स्थितीत बुरशी वाढत नाही आणि पुढे सवडीने एकेक गठ्ठा सोडवता येतो. ओल्या स्थितीत दोन दिवसांवर वेळ गेला की बुरशी धरू लागते. पूर आलेल्या गावात वीज नसते, हे खरे; त्या वेळी घाटावरच्या नातेवाइकांचा फ्रीज कामी आला. घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या प्रतींची शाई मात्र पाण्यात पसरते, तेव्हा त्या धुण्याच्या फंदात पडू नये.

पूर ही क्वचितची गोष्ट आहे. आपल्याकडचा खरा शत्रू रोजची हवा आहे. रत्नागिरीला वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि पावसाळ्यात हवेतली सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर राहते, तर छायाचित्रांना ३० ते ५० टक्के मानवते. ६५ टक्क्यांच्या पुढे बुरशीला मोकळे रानच मिळते. त्यातही सर्वाधिक नुकसान मी त्या चिकट पानांच्या अल्बममध्ये पाहिले आहे, ज्यांची पारदर्शक पट्टी उचलून आपण छायाचित्र खाली चिकटवत असू. तो डिंक काळाने पिवळा पडतो, छायाचित्राच्या पाठीत मुरतो आणि वरची पीव्हीसीची पट्टी चित्राला धरते. तुमच्या ट्रंकेत असे अल्बम असतील तर छायाचित्रे ओरबाडून काढण्याआधी पान आहे तसे स्कॅन करून घ्यावे, मग दातांच्या फटी साफ करायचा बिनचवीचा दोरा (फ्लॉस) छायाचित्राच्या मागून करवतीसारखा हळूहळू सरकवून ती सुटतात का ते पाहावे. सुटली नाहीत तर नाद सोडावा. नव्या अल्बमसाठी पॉलिप्रॉपिलीनचे कप्पे मागावेत. ज्या कप्प्यांना नव्या रेनकोटसारखा उग्र वास येतो ते पीव्हीसीचे समजून परत करावेत.

डांबराच्या गोळ्या अल्बमजवळ ठेवण्याची रीत आहे, परंतु त्यांची वाफ काही प्रकारच्या प्लॅस्टिकला बाधते. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवणे बरे. निळे दाणे गुलाबी पडले की ते तापवून पुन्हा कोरडे करावे लागतात आणि हे काम कोणीतरी अंगावर घ्यावे लागते. आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या, कामांत आम्ही ते घालून टाकले आहे. छायाचित्रे भिंतीला, विशेषतः पश्चिमेच्या चिरेबंदी भिंतीला, लागून असलेल्या कपाटात ठेवू नयेत, कारण जांभा पाणी धरतो.

माजघर

स्कॅनिंगविषयी थोडक्यात. चार बाय सहा इंची छायाचित्र ३०० डीपीआयला (दर इंचाला ३०० बिंदू) स्कॅन केले तर सुमारे २२ लाख बिंदूंची प्रतिमा मिळते आणि ६०० डीपीआयला सुमारे ८६ लाख बिंदूंची. सामूहिक छायाचित्रात चेहरे बारीक असतात, म्हणून ६०० घ्यावे. निगेटिव्ह सापडल्या तर त्या आधी स्कॅन कराव्यात, २४०० डीपीआयच्या खाली नको, कारण छापील प्रतीपेक्षा त्यांत अधिक तपशील असतो आणि कडाही कापल्या गेलेल्या नसतात. निगेटिव्हच्या डब्याला शिर्क्यासारखा आंबट वास येत असेल तर फिल्मचा आधारपट विघटित होऊ लागला आहे असे समजून त्या बाकीच्यांपासून दूर ठेवाव्यात.

गावी स्कॅनर नसेल तर ओटीवर, थेट ऊन येणार नाही अशा उजेडात, छायाचित्र सपाट ठेवून मोबाइल त्याच्या अगदी समांतर धरून फ्लॅशशिवाय काढलेली प्रतही उपयोगी पडते. मागची बाजूही तशीच टिपावी. स्टुडिओचा शिक्का, शाईने लिहिलेली तारीख, कोणाला तरी पाठवताना लिहिलेल्या दोन ओळी, हे सगळे पाठीवरच असते.

आडवाट

मी थोडा वेगळा सूर लावतो आहे, त्याबद्दल राग नसावा. वरचे सर्व प्रतिसाद उपयुक्त आहेत, परंतु सर्वच जपायचे हे गृहीत धरून लिहिलेले आहेत. एका प्रवासात दहा माणसांनी काढलेली सगळी छायाचित्रे तीन-तीन ठिकाणी ठेवली, तर पुढच्या पिढीच्या हाती उकिरडा लागेल, आणि उकिरडा कोणी उपसत नाही. प्रत्येकाने आपली मोजकी छायाचित्रे स्वतः निवडून द्यावीत आणि बाकीच्यांविषयी हळवे होऊ नये. आपल्या आजोबांची पिढी एका प्रवासात एखादेच छायाचित्र काढत असे आणि आज आपण त्याच एका छायाचित्रासाठी इतकी धडपड करतो आहोत, हे विसरू नये.

दुसरा मुद्दा वाटण्याचा. कुटुंबात वाटणे आणि जगाला दाखवणे यांत अंतर राखले जात नाही. गावचे घर बंद करून सगळे प्रवासाला निघाले आहेत ही वार्ता त्याच दिवशी उघड्यावर टाकण्याची घाई कशाला? घरातल्या स्त्रियांची, मुलांची छायाचित्रे टाकण्याआधी त्यांना विचारण्याची रीत तर हवीच. जागांच्या बाबतीतही हेच आहे. वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्रात सोडतात तेव्हा फ्लॅश आणि विजेऱ्या वापरू नका असे कार्यकर्ते कानीकपाळी ओरडून सांगतात, तरी हात शिवशिवतात. रत्नागिरी-राजापूरच्या सड्यांवरची कातळशिल्पे २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य वारसास्थळांच्या यादीत आली. त्यांतल्या ज्यांना अजून कुंपण नाही त्यांचे नेमके ठिकाण जोडून छायाचित्र सर्वांसाठी खुले करण्याआधी विचार करावा, आणि रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडूने गिरवण्याचा उद्योग तर कोणीही करू नये. खाजगी संग्रहात ठिकाणाची नोंद अवश्य ठेवा. खुल्या प्रतीतून ती काढून टाका.

गलबत

आडवाट यांचा निवडीचा मुद्दा मला पटतो, परंतु निवड फक्त तरुणांनी केली तर भलत्याच गोष्टी गळतात. मी मालवणच्या माझ्या आजीसोबत जुने अल्बम घेऊन बसले होते. आम्ही धूसर, हललेले म्हणून बाजूला काढलेले एक छायाचित्र तिने परत मागून घेतले. आम्हाला त्यात नुसते पाणी आणि एका होडीची कड दिसत होती. तिला ती कोठली जागा हे लगेच कळले. कोकण किनाऱ्यावर मुंबईहून आगबोटी येत त्या काळात अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. ती आत समुद्रात उभी राही आणि प्रवाशांना सामानसुमानासह पडावात उतरून किनाऱ्यावर यावे लागे. पावसाळ्यात या बंदरांची वाहतूक बंदच असे. आजी म्हणाली, ‘‘पडावात उतारताना पोटात गोळो येय.’’ मग मुले कोणाच्या हातात दिली जात, ट्रंका कशा उतरवल्या जात, आणि १७ जुलै १९४७ ला रामदास बोट मुंबईहून जवळच्या रेवसला जाताना बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली त्यानंतर कित्येक वर्षे घरातली मोठी माणसे बोटीचे नाव काढले की कशी गप्प होत, हे सगळे त्या बिघडलेल्या छायाचित्रामुळे बाहेर आले. चांगल्या छायाचित्रांवर ती दोन वाक्यांत बोलून पुढे गेली होती.

म्हणून धागाकर्त्यांना माझा आग्रह असा की आत्यांना प्रश्नावली देऊ नये. अल्बम समोर ठेवावा, फोनचे ध्वनिमुद्रण सुरू करावे, आणि पान उलटण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे. सुरुवातीला तारीख, गाव, आणि बोलणाऱ्यांची नावे स्वतःच्या आवाजात नोंदवावीत. प्रत्येक छायाचित्राला आधीच पेन्सिलीने क्रमांक देऊन ठेवावा आणि पान उलटले की तो मोठ्याने म्हणावा, नाहीतर पुढे ‘‘ही बघ, ही आपली शांती’’ एवढेच ऐकू येते आणि ‘ही’ म्हणजे कोण ते कळत नाही. साध्या एमपीथ्री स्वरूपात १२८ केबीपीएसला तासाभराचे ध्वनिमुद्रण ५८ एमबीच्या आसपास होते, तेव्हा जागेची काळजी करण्याचे कारण नाही. पंखा बंद करावा. समुद्राजवळच्या घरात खिडकीही लोटून घ्यावी, कारण आपल्या कानाला सवय झालेली गाज ध्वनिमुद्रणात बोलण्यावर चढते. आणि एका बैठकीत फार ताणू नये.

साल आठवत नाही असे त्या म्हणतील, तेव्हा साल विचारूच नये. कोयनेच्या भूकंपाआधीचे की नंतरचे, असे विचारले की उत्तर येते. ११ डिसेंबर १९६७ ची ती पहाट कोकणातल्या जुन्या पिढीला विसरता येत नाही. त्याचप्रमाणे कोकण रेल्वे, जी २६ जानेवारी १९९८ पासून पूर्ण मार्गावर धावू लागली, ती आली होती का, कोणाचे लग्न झाले होते का, धाकटा जन्मला होता का, अशा खुंट्यांनी साल दोन-तीन वर्षांच्या आत बांधता येते. त्यांनी मालवणीत किंवा आपल्या बोलीत सांगितले तर लिहून काढताना ते प्रमाण मराठीत सुधारू नये.

जांभा

गलबत यांनी लिहिल्यावर एक पथ्य सांगावेसे वाटते. आठवण नोंदवताना ती कोणी सांगितली हेही लिहावे, आणि ऐकीव माहिती व पडताळलेली माहिती वेगवेगळी ठेवावी. धागाकर्ते विजयदुर्गला जाऊन आले आहेत, तेथलेच उदाहरण देतो. किल्ल्यात ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी लॉकियर या शास्त्रज्ञाने येथूनच निरीक्षण करून हेलियमचा शोध लावला असे सांगतात. त्या दिवशी ग्रहण झाले आणि त्याची खग्रास छाया भारतावरून गेली, हे निर्विवाद आहे. परंतु लॉकियर त्या वेळी भारतात आलाच नव्हता. त्याने ऑक्टोबर १८६८ मध्ये इंग्लंडमधूनच, ग्रहणाशिवाय, सूर्यज्वालांच्या वर्णपटाचे निरीक्षण केले. या शोधाचे श्रेय लॉकियरबरोबर ज्याला दिले जाते तो फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेनही ग्रहणाच्या दिवशी विजयदुर्गला नव्हे, तर आंध्रातल्या गुंटूरला होता.

आता तुमच्या प्रवासवहीत काय लिहाल? ‘येथे हेलियमचा शोध लागला’ असे लिहिले तर ते चूक आहे. काहीच लिहिले नाही तर वाटाड्याने किल्ल्यावर उभे राहून अभिमानाने सांगितलेली आणि मुलांनी डोळे विस्फारून ऐकलेली गोष्ट हरवते, जी तुमच्या प्रवासाचा खरा भाग आहे. ‘वाटाड्याने असे सांगितले’ आणि त्याखाली ‘इतिहास असा आहे’, अशा दोन ओळी लिहाव्यात. आत्यांच्या आठवणींनाही हेच लागू. एकाच प्रवासाविषयी आत्या आणि काका वेगवेगळे सांगत असतील तर दोन्ही नोंदवावे, तडजोडीचे तिसरे तयार करू नये. मालवणच्या सिंधुदुर्ग किल्ल्याचे बांधकाम १६६४ मध्ये सुरू झाले, ही नोंद कोठेही मिळते. त्या किल्ल्याकडे जाणाऱ्या होडीत तुमच्यापैकी कोणाला मळमळले हे तुमच्याशिवाय कोणी लिहिणार नाही, तेव्हा वहीची पाने त्यासाठी वापरावीत.

किनारवाट

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या आठवड्यात आमच्या कुटुंबात बोलणे झाले आणि काही गोष्टी ठरल्या. सामायिक अल्बम दोन महिने उघडा राहील, त्यात प्रत्येकाने स्वतः निवडलेली छायाचित्रेच टाकावीत, आणि त्यानंतर तो बंद करून प्रती काढल्या जातील. एक गावी, एक पुण्याच्या कोरड्या हवेत आणि एक परदेशात. खात्याचा वारस म्हणून सर्वांत धाकट्या भाचीचे नाव लावले आहे. ती अकरावीत आहे आणि तिने ही जबाबदारी आमच्या अपेक्षेपेक्षा बरीच गांभीर्याने घेतली आहे.

आडवाट यांचा आक्षेप वाचून काकांनी टाळ्या वाजवल्या, हे येथे नमूद करतो. मात्र निवडीत आम्ही एक सूट ठेवली आहे : आत्या आणि काकू यांनी निवडलेले कोणतेही छायाचित्र, ते कितीही वाईट असले तरी, कोणी गाळायचे नाही. गलबत यांच्या सूचनेप्रमाणे पहिली बैठक झाली. थिबा राजवाड्यासमोरच्या छायाचित्रातली ती नऊवारीतली बाई आमची नातेवाईकच नाही. ती त्याच बोटीने रत्नागिरीला आलेली, प्रवासात ओळख झालेली एक शिक्षिका होती. तिच्याबरोबर पुढे बरीच वर्षे पत्रव्यवहार चालला, आणि त्या पत्रांतली काही अजून आत्यांच्या फडताळात आहेत. ट्रंकेचे काम वाढले आहे असे दिसते.

मजकूर बेतशीर झाला की छायाचित्रांसह त्याची एक वही बांधून घेऊन प्रत्येक घरात एक प्रत द्यावी असा विचार आहे, कारण आमच्याकडच्या ज्येष्ठांना पडद्यावर वाचणे जड जाते. छायाचित्रे स्टुडिओतून काढून घेऊ. मजकूर कशावर छापावा आणि जुन्या छायाचित्रांच्या मागे कशाने लिहावे, एवढेच विचारायचे राहिले.

वशिष्ठीकाठ

मागच्या बाजूला बॉलपेनने लिहू नये. त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो आणि शाई कालांतराने झिरपते. मऊ शिशाच्या पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने क्रमांक आणि नावे लिहावीत. ज्या चकचकीत पाठीवर पेन्सिल उठत नाही तेथे छायाचित्रावर काही न लिहिता कप्प्यात कागदाची चिठ्ठी सोबत घालावी.

वहीचा मजकूर लेझर प्रिंटरवर किंवा झेरॉक्सच्या यंत्रावर, आम्लविरहित कागदावर काढावा. काळ्या टोनरमध्ये कार्बन असतो, तो फिका पडत नाही आणि भिजला तरी पसरत नाही. फक्त टोनरने छापलेली पाने पीव्हीसीच्या कव्हरात घालू नयेत, कारण अक्षरे कागद सोडून प्लॅस्टिकला चिकटतात. आणि शिक्षिकेची पत्रे सापडली असतील तर पाकिटे फेकू नका. टपालाच्या शिक्क्यावर गाव आणि तारीख दोन्ही मिळतील.